भाड्याची वखार कीं घरची वखार?

व्यापार म्हटला कीं माल आला, आणि माल आला कीं तो ठेवावयास वखार आली. आजच्या व्यापाऱ्याचा बराचसा माल डोळ्यांना दिसत नाहीं, इतकेंच. बिलांच्या प्रती, रुग्णांच्या तपासणीचीं छायाचित्रें, कॅमेऱ्यांनीं टिपलेलीं दृश्यें, जुने हिशेब या सर्वांना जागा लागते. ती क्लाऊड कंपनीकडून भाड्यानें घ्यावी, कीं आपल्याच इमारतींत यंत्रें मांडून उभारावी, हा प्रश्न आज लहानमोठ्या सर्व धंद्यांपुढें उभा आहे.

अशा मालासाठीं जी पद्धत वापरतात तिला ऑब्जेक्ट स्टोरेज म्हणतात. घरच्या संगणकांत फाइल फोल्डरांत, तो फोल्डर दुसऱ्या फोल्डरांत, अशी उतरंड असते. येथें उतरंड नाहीं. प्रत्येक वस्तूस एक स्वतंत्र नांव असतें. नांव सांगितलें कीं वस्तु मिळते. रेल्वेच्या सामानघरांत पावती दाखवून गाठोडें सोडवावें, तसाच हा प्रकार. तें कोणत्या फळीवर होतें याच्याशीं मालकास कर्तव्य नसतें. मात्र त्यांतील एक कपडा बदलावयाचा तर सारें गाठोडें नव्यानें बांधून द्यावें लागतें. म्हणून घडोघडीं बदलणाऱ्या खातेवहीस ही जागा गैरसोयीची. एकदां लिहून पुनःपुन्हा वाचावयाच्या मालास उत्तम.

ॲमेझॉननें १४ मार्च २००६ रोजीं एस-थ्री या नांवानें ही वखार भाड्यानें देण्यास आरंभ केला. तेव्हां दर गिगाबाइटास महिना १५ सेंट पडत. आज व्हर्जिनियांतील केंद्रांत नेहमीच्या वर्गाचा पहिल्या टप्प्याचा दर २.३ सेंट आहे. हा आंकडा पाहून अनेकांचा निर्णय तेथेंच होतो, आणि घोटाळाही तेथेंच होतो. कारण वखारींत माल आंत नेण्यास वाहतुकीचें शुल्क नाहीं. पण तो इंटरनेटवरून बाहेर आणावयाचा तर पहिल्या टप्प्यांत दर गिगाबाइटास ९ सेंट द्यावे लागतात. दहा हजार गिगाबाइटांचें महिन्याचें भाडें २३० डॉलर, आणि तोच माल एकदां बाहेर आणण्याचा खर्च ९०० डॉलरांच्या घरांत. एका फेरीची हमाली जवळजवळ चार महिन्यांच्या भाड्याइतकी! जो धंदा आपलें गणितकामही त्याच केंद्रांतील यंत्रांवर करतो त्यास ही हमाली पडत नाहीं. जो रोज माल बाहेर ओढतो त्यास ती खाऊन टाकते. २०२४ सालीं मोठ्या कंपन्यांनीं कायमचें बिऱ्हाड हलविणाऱ्यांस ही आकारणी माफ केली. रोज ये-जा करणाऱ्यांस ती सवलत नाहीं.

घरच्या वखारींत हमाली नाहीं, परंतु राखणदारी आहे. डिस्क केव्हां ना केव्हां बिघडतेच. म्हणून प्रत्येक वस्तूचे, समजा, आठ भाग करून त्यांना चार पूरक भाग जोडतात व ते बारा डिस्कांवर विखरून ठेवतात. त्यांपैकीं कोणतेही चार गेले तरी वस्तु पुन्हा उभी करतां येते. यासाठीं मालाच्या दीडपट जागा लागते. सेफ नांवाची या कामाची प्रणाली विनामूल्य मिळते. पण वीज, थंडावा आणि रात्रीं दोन वाजतां उठून येणारा जाणता माणूस विनामूल्य मिळत नाहीं.

या बाबतींत ड्रॉपबॉक्सचें उदाहरण नेहमीं दिलें जातें. या कंपनीनें आपल्या ग्राहकांच्या मालापैकीं नव्वद टक्क्यांहून अधिक भाग ॲमेझॉनच्या वखारींतून स्वतःच्या यंत्रांवर आणला, व २०१६ आणि २०१७ या दोन वर्षांत सुमारें साडेसात कोटी डॉलर वांचविले. पण तिचा माल पन्नास कोटी गिगाबाइटांहून अधिक होता, आणि साठवणूक हाच तिचा धंदा. एखाद्या औषधाच्या पेढीनें तिचें अनुकरण करणें म्हणजे शेजारच्या वाड्याचा नकाशा घेऊन दोन खणांचें घर बांधण्यासारखें आहे.

कायद्याचें भयही पुष्कळदां विनाकारण दाखविलें जातें. देशांतील पैशांच्या देवघेवीची माहिती भारतांतच ठेवावी, असा रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०१८ चा आदेश आहे. ती स्वतःच्याच इमारतींत ठेवावी असें त्यांत नाहीं. ॲमेझॉनचें मुंबईचें केंद्र २०१६ पासून चालू आहे.

खरा धोका निराळाच आहे. २८ फेब्रुवारी २०१७ रोजीं एका कर्मचाऱ्यानें आज्ञा चुकीची लिहिल्यामुळें व्हर्जिनियांतील एस-थ्री कांहीं तास बंद पडलें. गैरसोय मोठी झाली, पण माल शाबूत राहिला. १० मार्च २०२१ रोजीं फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथें ओव्हीएच कंपनीची इमारत जळाली, तेव्हां ज्या भाडेकरूंनीं दुसरी प्रत अन्यत्र ठेवलेली नव्हती त्यांतील अनेकांचा माल कायमचा गेला. आपला माल परक्याच्या हातीं देऊं नये, असें त्यावरून कोणी म्हणेल. परंतु दक्षिण कोरियाच्या सरकारची वखार स्वतःचीच होती. २६ सप्टेंबर २०२५ रोजीं देजॉन येथील सरकारी केंद्रांत बॅटऱ्यांना आग लागली, आणि सरकारी नोकरांच्या कामाचीं कागदपत्रें ज्या जी-ड्राइव्हवर होतीं तो ८५८ टेराबाइटांचा सांठा जळून गेला. आकार फार मोठा म्हणून त्याची दुसरी प्रत ठेवलेलीच नव्हती. व्हर्जिनियांतील दरानें पाहतां एवढ्या मालाचें भाडें महिना वीस हजार डॉलरांच्या आंत येतें.