बिंदुनामावलीच्या पलीकडे

राखीव जागा भरली की सामाजिक न्यायाचे काम संपले, अशी समजूत शासनदरबारी रूढ आहे. शिक्षकाच्या बाबतीत ती विशेष घातक ठरते. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी १३ टक्के आणि अनुसूचित जमातींसाठी ७ टक्के जागा राखीव आहेत. बिंदुनामावलीत त्यांचा हिशेब राहतो. परंतु नेमलेला दलित शिक्षक त्या गावी टिकला की नाही, याचा हिशेब कोणत्या नामावलीत सापडतो?

हे दुखणे जुने आहे. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. विद्वत्ता होती, पद होते. राहावयास जागा मात्र मिळाली नाही आणि नोकरी सोडून परतावे लागले. पुढच्याच वर्षी ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांसाठीच्या भांड्यातील पाणी त्यांनी घेण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. नोकरी मिळूनही माणसाला परके ठेवणारी ही दोन साधने: घर आणि पाणी.

आज पाण्याची उघड बंदी कायद्याने गुन्हा आहे. घराची मात्र गोडीने होते. परभणी जिल्ह्यातील देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी एस.टी.तून उतरून आडवळणाच्या शाळेकडे निघालेल्या शिक्षकाने मुख्यालयी राहावे, असा नियम आहे. पण आडनाव ऐकताच ‘खोली रिकामी नाही’ म्हणणाऱ्या घरमालकाला कोणताही नियम लागू होत नाही. मग तो तालुक्याहून ये-जा करतो, नियमभंगाचा ठपका सोसतो आणि बदलीची वाट पाहतो.

प्रवेशाची वाटही सुलभ नाही. २०१७ पासून पवित्र प्रणालीने शिक्षकभरतीत गुणांना महत्त्व दिले. तरी खासगी संस्थांना मुलाखतीचा पर्याय राहिला, आणि मुलाखतीत गुणांबरोबर माणूसही पाहिला जातो. त्यातून निभावला तरी तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढावयाची. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ मध्ये सहा हजारांवरून सोळा हजार झाले. ज्याच्या घरी शेती नाही, मागे कर्ज आहे आणि घरची सारी भिस्त ज्या तरुणावर आहे, त्याला ही तीन वर्षे फार लांब वाटतात.

अमेरिकेचा अनुभव बोलका आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरविल्या. विद्यार्थी एकत्र आले; पण कृष्णवर्णीयांच्या शाळा बंद पडून त्यांचे हजारो शिक्षक नोकरीला मुकले. आज तेथे शंभर शिक्षकांत कृष्णवर्णीय पुरुष दोनही नाहीत. न्याय विद्यार्थ्यापाशी थांबला, शिक्षकापर्यंत पोचला नाही.

ज्या वस्तीतील मुलाने बापाला शेतमजुरीत वा ऊसतोडीतच पाहिले, त्याला आपल्यातलाच एक पुरुष खडू हाती घेऊन उभा दिसणे हा एक स्वतंत्र धडा आहे. तो धडा टिकवावयाचा तर शाळेजवळ शिक्षकनिवास हवा, अनुशेष दरवर्षी जाहीर व्हावा आणि राखीव जागेवरील शिक्षक गाव का सोडतो, याची चौकशी व्हावी. जागा भरणे हे शासनाचे काम. माणूस सामावून घेणे हे गावाचे. पहिले काम अर्धे झाले आहे, दुसऱ्याला आरंभ व्हावयाचा आहे.