विश्लेषण : जुन्या कारच्या एसीतला गॅस दरवर्षी का ‘संपतो’?

उन्हाळा सुरू झाला की गॅरेजांमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते : एसी सुरू होतो, पण हवा गार लागत नाही. ‘गॅस संपलाय, भरून देतो,’ असे उत्तर मिळते. गॅस भरला की तासाभरात गारवा परततो आणि पुढच्या उन्हाळ्यात, कधी महिन्याभरातच, पुन्हा तीच तक्रार. आठ-दहा वर्षे जुनी कार असलेल्या अनेकांचा हा अनुभव. मात्र एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो कमी झाला, याचा अर्थ कुठून तरी बाहेर गेला.

गॅस खर्च का होत नाही?

कारचा एसी ही बंद यंत्रणा आहे. कॉम्प्रेसर गॅसवर दाब देतो. पुढच्या जाळीमागील कंडेन्सरमध्ये तो उष्णता सोडून द्रवरूप होतो. एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये दाब उतरतो आणि डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्ये केबिनची उष्णता शोषून त्याचा पुन्हा वायू होतो. तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत राहतो. रबरी नळ्यांतून तो अत्यल्प प्रमाणात झिरपतो, त्यामुळे बऱ्याच वर्षांनी थोडी घट होणे स्वाभाविक आहे. पण भरलेला गॅस एका हंगामात कमी झाला, तर ती गळतीच.

गळती कुठून होते?

जोडांमधील रबरी ओ-रिंग उष्णतेने कडक होतात. कॉम्प्रेसरच्या शाफ्टचे सील झिजते. कंडेन्सरला रस्त्यावरचे खडे लागतात, गंज चढतो. गॅस भरण्याच्या जागेतला छोटा व्हॉल्व्हही गळू शकतो. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे ऑइलही फिरत असते. त्यामुळे जोडावर धूळ चिकटलेला तेलकट डाग दिसला, तर संशयाला जागा आहे. कूलिंग कॉइलची गळती मात्र सहज दिसत नाही. ती दुरुस्त करताना अनेक गाड्यांचा डॅशबोर्ड उतरवावा लागत असल्याने मजुरी वाढते.

नुसता गॅस भरला तर काय बिघडते?

गॅस कमी असला की ऑइल कॉम्प्रेसरकडे नीट परतत नाही. गळतीतून थोडे ऑइलही बाहेर जाते. कोरडा चाललेला कॉम्प्रेसर जॅम झाला, तर धातूचे कण साऱ्या यंत्रणेत पसरतात आणि एका ओ-रिंगचे काम कॉम्प्रेसर, कंडेन्सरपर्यंत पोहोचते. गळती बुजवणारी रसायने हा सोपा मार्ग वाटतो. पण ती व्हॉल्व्हमध्ये अडकू शकतात.

योग्य दुरुस्ती कशी होते?

आधी गळती शोधली जाते. त्यासाठी नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचे पाणी लावणे, इलेक्ट्रॉनिक लीक डिटेक्टर किंवा अतिनील प्रकाशात चमकणारा रंग यांचा वापर होतो. खराब भाग बदलला जातो. यंत्रणा उघडल्यामुळे ओलावा शोषणारा ड्रायरही बदलणे योग्य. नंतर व्हॅक्यूम पंप साधारण अर्धा तास चालवून हवा आणि ओलावा काढला जातो. पंप बंद केल्यावर काटा जागेवर राहतो का, हे पाहिले जाते. काटा चढला तर गळती किंवा ओलावा शिल्लक आहे. शेवटी गॅस वजनावर भरला जातो. त्याचे प्रमाण बहुतेक गाड्यांमध्ये बॉनेटखालील स्टिकरवर असते. जास्त गॅसनेही गारवा कमी होतो.

हे काम घरी करू नये. द्रवरूप गॅस त्वचेवर किंवा डोळ्यांत उडाल्यास इजा होते.

पर्यावरणाशी संबंध काय?

अनेक जुन्या कारमध्ये आर-१३४ए हा गॅस असतो. तो ओझोनला धोका पोहोचवत नाही. पण १०० वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट तापमानवाढ घडवतो. ४०० ग्रॅम गॅस हवेत गेला, तर तो साधारण २४० लिटर पेट्रोल जाळण्याइतका ठरतो. अशा गॅसांचा वापर टप्प्याटप्प्याने घटवण्याच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली आहे.

गॅरेजमध्ये काय विचारावे?

गळती नेमकी कुठे सापडली, कोणता भाग बदलला, व्हॅक्यूम किती वेळ टिकला आणि किती ग्रॅम गॅस भरला, हे चार प्रश्न विचारून उत्तरे बिलावर लिहून घ्यावीत. पहिल्याच प्रश्नाला उत्तर नसेल, तर दुरुस्ती झालेली नाही, फक्त गॅस भरला गेला आहे.