‘पॅन’ आहे का रे कुणाकडे?

सोमवार, सकाळचे साडेअकरा. मीटिंग नुकतीच संपलीय. नाश्त्याच्या नावाखाली पोटात फक्त दोन कटिंग आणि छातीत जळजळ सुरू! मग क्युबिकलवरून मान उंचावून एकच हाक, ‘पॅन आहे का रे कुणाकडे?’ ऑफिसात वेळेला स्टेपलर सापडणार नाही, पण ही गोळी दोन मिनिटांत हजर. कुणाच्या सॅकमध्ये, कुणाच्या ड्रॉवरमध्ये. पाण्याबरोबर ढकलली, की पुन्हा लॅपटॉप.

अॅसिडिटी इतकी कॉमन झालीय, की तिच्यावरच्या गोळीला आपण औषध मानतच नाही. चॉकलेट वाटावं तशी ती वाटतो. प्रॉब्लेम इथेच आहे.

कोणती गोळी कशासाठी?

अॅसिडिटीच्या औषधांचे ढोबळ मानाने तीन प्रकार. पहिला अँटासिडचा. म्हणजे डायजीन, जेलुसिल, इनो वगैरे. पोटात तयार झालेलं अॅसिड ती शमवतात. काही मिनिटांत आराम पडतो, पण तो फार काळ टिकत नाही.

दुसरा प्रकार फॅमोटिडिनसारख्या औषधांचा. ती अॅसिड तयार होणंच कमी करतात आणि असर काही तास टिकतो. याच कुटुंबातलं रॅनिटिडिन एके काळी घरोघरी असायचं. त्यात एनडीएमए हा कॅन्सरकारक असू शकणारा घटक सापडला आणि एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते बाजारातून काढायला सांगितलं. भारतानेही २०२२ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीतून त्याचं नाव वगळलं. घरच्या डब्यात जुनी स्ट्रिप असेल तर आधी ती बाहेर काढा.

तिसरा प्रकार सगळ्यात दमदार. पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल. जठराच्या अस्तरात अॅसिड सोडणारे सूक्ष्म पंप असतात, ते ही औषधं बंद पाडतात. पण पंप जोरात सुरू होतात ते आपण खाल्ल्यावर. म्हणून गोळी नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची, तीही न चावता. पूर्ण असर दिसायला तीन-चार दिवस लागू शकतात. थोडक्यात, जळजळ सुरू झाल्यावर साडेअकराला ‘पॅन’ घेणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! आत्ताची आग विझवायची तर अँटासिड बरं.

सवय सुटत का नाही?

‘गोळी बंद केली की त्रास दुप्पट होतो’ ही तक्रार खोटी नाही. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पोटाची काहीच तक्रार नसलेले १२० जण घेतले. निम्म्यांना आठ आठवडे एसोमेप्रॅझोल दिलं, निम्म्यांना नुसती दिसायला तशी गोळी. औषध थांबवल्यानंतरच्या चार आठवड्यांत पहिल्या गटातल्या ४४ टक्के लोकांना जळजळ, अपचन असा त्रास झाला. दुसऱ्या गटात हे प्रमाण होतं १५ टक्के.

कारण सोपं आहे. अॅसिड दाबून ठेवलं की शरीर ते वाढवण्याचा संदेश देत राहतं. ब्रेक सुटला की अॅसिड उसळतं. आपल्याला वाटतं, बघा, गोळीशिवाय जमतच नाही! आणि पुन्हा स्ट्रिप.

अमेरिकेत चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या या गोळ्यांवर स्पष्ट लिहिलेलं असतं, की कोर्स १४ दिवसांचा आणि चार महिन्यांतून एकदाच. आपण मात्र वर्षानुवर्षं घेतो. दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. शाकाहारी मंडळींचं बी-१२ आधीच काठावर असतं, त्यांनी तर जास्तच जपावं.

आणखी एक गोष्ट. ‘पॅन-डी’मधला ‘डी’ म्हणजे डॉम्पेरिडोन, मळमळ-उलटीचं औषध. त्याचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून युरोपच्या औषध संस्थेने २०१४ मध्येच त्याच्या वापरावर मर्यादा घातल्या. नुसत्या जळजळीसाठी ते रोज घेण्याचं कारण नाही.

अर्थात, अल्सर असेल, अन्ननलिकेला इजा झाली असेल किंवा अॅस्पिरिन, पेनकिलर्स कायम चालू असतील, तर डॉक्टर ही गोळी मुद्दाम जास्त दिवस देतात. अशांनी हे वाचून परस्पर बंद करू नये. बाकीच्यांनीही बरेच महिने घेत असाल तर एका झटक्यात थांबवू नका. डॉक्टरांना विचारून डोस हळूहळू कमी करा.

‘गॅस’च आहे ना नक्की?

सगळ्यात मोठा धोका हा. छातीत दडपण, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात जाणं, दरदरून घाम. अशा वेळी ‘गॅस झालाय’ म्हणत गोळी शोधत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. तिशीत हार्ट अटॅक येत नाही, या भ्रमात राहू नका. शौचाला डांबरासारखं काळं होणं, उलटीत रक्त, गिळताना अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, ही लक्षणंही गोळीने झाकायची नाहीत.

लक्षात ठेवा

- दोन आठवडे गोळी घेऊनही त्रास चालूच असेल तर डॉक्टर गाठा. एच. पायलोरी हा जंतू असेल तर अँटिबायोटिक्सचा कोर्स लागतो.
- थायरॉइडची गोळी आणि अँटासिड यांत चार तासांचं अंतर ठेवा. लोहाच्या गोळ्या आणि काही अँटिबायोटिक्सही अँटासिडबरोबर नकोत.
- बीपी असेल तर इनोसारख्या सोड्याच्या पुड्यांपासून जरा लांबच. त्यात सोडियम भरपूर असतं.
- डोकेदुखीसाठी उपाशीपोटी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक नको.
- जेवण आणि झोप यांत तीन तास जाऊ द्या. रात्री साडेअकराची बिर्याणी ऑर्डर करण्याआधी एवढं आठवलं, तरी अर्धी स्ट्रिप वाचेल!