नववीतला प्रकल्प खरंच संशोधन असतो का?

शाळेतला 'प्रकल्प' म्हटलं की बहुतेकांना थर्माकोलचा ज्वालामुखी आठवतो, किंवा आदल्या रात्री घरातल्या सगळ्यांनी मिळून रंगवलेला चार्ट. त्यामुळे 'नववीतल्या मुलांनी संशोधन करावं' असं कोणी म्हटलं की आपल्याला हसू येतं. पण शाळकरी वयासाठी दुसऱ्या प्रकारचा प्रकल्पही आपल्याकडे बरीच वर्षं चालू आहे. तुम्ही एमएस्सी करत असाल, पीएचडीची तयारी करत असाल, तर तो नीट बघण्यासारखा आहे. कारण सिनॉप्सिस लिहिताना आपण जिथे अडकतो, त्यातल्या बऱ्याच जागा त्या प्रकल्पात लहान आकारात भेटतात.

दोन उदाहरणं तुम्हाला माहीत असतील. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीच्या मुलांसाठी असते. त्यात लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा पार केलेल्यांना कृती-संशोधन प्रकल्प करावा लागतो आणि मुलाखतीत त्यावर उत्तरं द्यावी लागतात. दुसरी, १९९३पासून भरणारी राष्ट्रीय बालविज्ञान परिषद. तिथे १० ते १७ वयोगटातली मुलं आपल्या परिसरातला प्रश्न घेऊन गटाने काम करतात आणि लॉगबुक ठेवतात. दोन्हीकडे अपेक्षा एकच आहे: मॉडेल नको, प्रश्न आणा.

मग मॉडेल आणि संशोधन यांत फरक काय? माझ्या मते कसोटी सोपी आहे. सुरुवात करतानाच उत्तर माहीत असेल तर ते प्रात्यक्षिक. उत्तर माहीत नसेल, आणि 'आपला अंदाज चुकला तर ते कशावरून कळेल' हे आधीच लिहून ठेवलं असेल, तर ते संशोधन. मग करणारा नववीतला असो की पीएचडीचा.

एक उदाहरण घेऊन बघू. समजा एका मुलीने विषय निवडला: 'माठातलं पाणी गार का होतं?' याचं उत्तर पुस्तकात आहे. पाणी माठाच्या छिद्रांतून झिरपतं, बाहेर त्याचं बाष्पीभवन होतं आणि त्यात उष्णता जाते. इथे संशोधन संपलं! आता प्रश्न जरा वळवू: 'आमच्या स्वयंपाकघरात माठातलं पाणी खोलीपेक्षा किती अंशांनी गार होतं, आणि दमट दिवशी हा फरक किती कमी होतो?' हे कुठल्याच पुस्तकात नाही, कारण तिचं स्वयंपाकघर पुस्तकात नाही. नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात एक उत्तर येईल, रत्नागिरीच्या दमट हवेत दुसरं.

आता तुलना कशाशी करायची? स्टीलच्या पातेल्याशी केली तर धातू आणि माती हा आणखी एक फरक मध्ये येतो. त्यापेक्षा सारखेच दोन लहान माठ घ्यायचे आणि एकाला बाहेरून तैलरंग द्यायचा, म्हणजे पाणी बाहेर येणार नाही. बाकी सगळं सारखं. तुम्ही ज्याला 'कंट्रोल' म्हणता तो हाच. दोन दिवसांनी माठांच्या जागा अदलाबदल करायच्या, नाहीतर फरक माठामुळे पडला की खिडकीच्या वाऱ्यामुळे, हे कधीच कळणार नाही. नवा माठ आधी दिवसभर भिजवायचा, कारण तो स्वतःच पाणी पितो आणि वजनाचा हिशोब बिघडवतो. थर्मामीटर प्रयोगशाळेतला हवा. तापाच्या थर्मामीटरची पट्टी ताप मोजण्यापुरतीच असते. दुसऱ्या थर्मामीटरच्या टोकाला ओलं सुती कापड गुंडाळून वारा घातला की हवा किती दमट आहे याचाही अंदाज मिळतो.

आता हिशोब. १ ग्रॅम पाण्याचं बाष्प व्हायला साधारण २.४ किलोज्यूल उष्णता लागते. २ लिटर पाणी १ अंशाने गार करायला सुमारे ८.४ किलोज्यूल काढून घ्यावे लागतात. समजा काट्यावर ४० ग्रॅम वजन कमी झालं. म्हणजे ९६ किलोज्यूल गेले, आणि पाणी ११ अंशांनी गार व्हायला हवं. पण थर्मामीटर ५च अंश दाखवतो असं धरा. उरलेले ६ कुठे गेले?

मला विचाराल तर प्रकल्प इथे सुरू होतो. बाहेरच्या गरम हवेतून माठात उष्णता सतत येत असते, मातीलाही गार व्हावं लागतं. मुलगी हे स्वतः शोधेल, किंवा 'रीडिंग चुकलं' म्हणून आकडा ११च्या जवळ सरकवेल. दुसरा मोह फार मोठा असतो, कारण शाळेतल्या प्रयोगवहीत अपेक्षित उत्तर येईपर्यंत आकडे जुळवायची सवय आपल्याला लागलेली असते. हीच सवय घेऊन आपण विद्यापीठात येतो. म्हणून लॉगबुकला महत्त्व आहे: तारीख, वेळ, आकडा, आणि त्या दिवशी काय बिघडलं, सगळं पेनने. खोडायचं तर एक रेघ मारून, खालचा आकडा वाचता येईल असं.

हे सगळं आताच का सांगतोय? २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवी ४ वर्षांची होऊ शकते आणि चौथं वर्ष संशोधनाचं घेता येतं. आयसरच्या ५ वर्षांच्या बीएस-एमएसमध्ये शेवटचं वर्ष प्रबंधाचंच असतं. संशोधन आता पीएचडीची वाट बघत थांबत नाही. पण दहावी, बारावी, सीईटी, नेट या सगळ्या परीक्षांत प्रश्न दुसरं कोणीतरी देतं आणि त्याला उत्तर असतंच. स्वतः प्रश्न बांधायची पहिली वेळ विशीनंतर आली, तर ती जड जाते. आणि ज्याच्या घरी प्रकल्प 'करून देणारं' कोणी नाही, त्याला ती आणखी जड जाते. खरं तर लॉगबुक प्रामाणिकपणे तपासलं, तर त्याच मुलाचा प्रकल्प वर यायला हवा.

तुमच्याकडे कोणी भाचा, शेजारची मुलगी किंवा जुन्या शाळेतले सर मदत मागायला आले, तर एवढं पाळा: विषय सुचवू नका, 'हे कशाने मोजशील?' एवढंच विचारा. आकडे त्यांचेच राहू द्या. निष्कर्ष 'फरक दिसला नाही' असा आला तर तसाच लिहू द्या.

आणि तुमच्या वाट्याला असा प्रकल्प शाळेत आलाच नसेल, तर अजून उशीर झालेला नाही. २ माठ, १ वजनकाटा, २ थर्मामीटर आणि ३ आठवडे एवढं पुरेसं आहे. मुलाखतीत 'कंट्रोल काय ठेवला होता?' असं विचारलं, तर सांगायला तुमच्याकडे स्वतःचं उत्तर असेल.