आजींची भाकरी आणि 'नॅनो'ची बाटली

आमच्या चाळीतल्या एका आजी जेवून ताट सरकवतात आणि दहा मिनिटांत सुनेला विचारतात, "बाई, आज भाकऱ्या टाकल्या न्हाईस काय?" सून रडकुंडीला येते. शेजारच्या बायका म्हणतात, सून उपाशी ठेवते! मागच्या महिन्यात त्यांच्या मुलाने दारावरच्या विक्रेत्याकडून पंधराशे रुपयांची बाटली घेतली. म्हणे, यात 'नॅनो' सोने आहे, मेंदूतली घाण धुऊन निघते. बाटली घेऊन तो आमच्याकडे आला, "भाऊ, तुम्ही शिकलेले, जरा बघा." आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. तरी पुस्तके चाळून आणि एका डॉक्टर मित्राला छळून जे कळले ते वाचकांपुढे ठेवतो.

ही 'घाण' म्हणजे काय? १९०६ साली अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी विस्मरणाने खचलेल्या एका बाईच्या मेंदूत, तिच्या मृत्यूनंतर, साचलेले थर पाहिले. ते मुख्यतः अमायलॉइड बीटा नावाच्या प्रथिनाचे असतात. हे प्रथिन निरोगी माणसातही तयार होते. पण त्याचे रेणू एकमेकांना चिकटू लागले की लांब, चिवट तंतू बनतात. सुरुवातीला बराच काळ काहीच घडत नाही. मग थोडे रेणू जुळून 'बी' तयार झाले, की विरजण लागलेल्या दुधासारखे पुढचे काम झपाट्याने होते.

आता नॅनो कण. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. इतक्या बारीक कणांना पृष्ठभाग मात्र प्रचंड असतो आणि प्रथिने त्यावर जाऊन बसतात. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातील सारा लिन्से आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवले, की असे कण मिसळल्यावर एका प्रथिनाचे तंतू लवकर बनू लागतात. ते प्रथिन बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन, म्हणजे वर्षानुवर्षे डायलिसिसवर असणाऱ्यांच्या सांध्यांत साचते ते. २००८ साली याच मंडळींना उलटे दिसले: प्लॅस्टिक कणांनी अमायलॉइड बीटाचे तंतू बनणे लांबवले.

खरी गंमत २०१० सालची. थर्माकोल ज्या पॉलिस्टायरिनचे करतात, त्याचेच रासायनिक बदल केलेले कण थोडे घातले तर तंतू लवकर बनले. पुष्कळ घातले तर उशिरा. कण तेच, प्रथिन तेच! आपल्या चाळीच्या नळाची गोष्ट आठवा. एकच नळ असला की सगळ्या बाया एका जागी दाटतात आणि भांडण पेटते. दहा नळ असले की प्रत्येकीला जागा मिळते. कण थोडे असले की रेणू त्यांच्यावर दाटीने जमून बी धरतात. कण पुष्कळ असले की रेणू विखरून बसतात, तंतूसाठी मोकळे उरतच नाहीत.

हे सारे परीक्षानळीत झाले, माणसाच्या मेंदूत नव्हे. रक्तातून मेंदूत जाणाऱ्या वस्तूंना शरीराचाच कडक पहारा असतो. नॅनो कणांचे स्मृतिभ्रंशावरचे मान्यताप्राप्त औषध अजून नाही. आणि किती थेंबांनी तंतू थांबतील, किती थेंबांनी वाढतील, हे त्या विक्रेत्याला कोणी सांगितले? बाटलीवर सोन्याचे प्रमाणसुद्धा छापलेले नव्हते.

डॉक्टर मित्र म्हणाले, विसरणे प्रत्येक वेळी अल्झायमरचेच नसते. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडले किंवा थायरॉइड मंदावले तरी माणूस विसरतो, आणि त्यावर स्वस्त उपचार आहेत. मुलाने आजींना सरकारी दवाखान्यात नेऊन रक्त दिले आहे. रिपोर्ट गुरुवारी मिळेल. शेजारच्या बायकांना आम्ही समजावले. दोघींना पटले, तिसरी अजून सुनेकडेच बघते.