आरोग्यपच्चाची रॉयल्टी

सह्याद्रीची रांग दक्षिणेकडे जिथे संपत येते, तिथे केरळ आणि तमिळनाडूच्या सीमेवर १८६८ मीटर उंचीचे अगस्त्य शिखर उभे आहे. या डोंगरांतील दाट जंगलात काणी नावाचे आदिवासी राहतात. डिसेंबर १९८७ मध्ये डॉ. पी. पुष्पांगदन यांच्यासह वनस्पतिशास्त्रज्ञांची एक तुकडी तेथे पाहणीसाठी गेली होती. चढ चढताना शास्त्रज्ञांना धाप लागे. वाटाडे काणी तरुण मात्र ताजेतवाने! ते अधूनमधून कसलीशी छोटी फळे चघळीत होते. पाहुण्यांनीही ती खाल्ली आणि त्यांचा शीण उतरला.

झाड कोणते, हे मात्र काणी चटकन सांगेनात. ते जमातीचे गुपित होते. बऱ्याच मनधरणीनंतर त्यांनी ते झुडूप दाखविले. त्याचे नाव आरोग्यपच्चा, शास्त्रीय नाव ट्रायकोपस झेलॅनिकस. पुढे प्रयोगशाळेत असे दिसले, की फळांप्रमाणेच त्याच्या पानांतही थकवा घालविणारी आणि रोगप्रतिकारशक्ती वाढविणारी द्रव्ये आहेत. हा शोध उपयोगाचा ठरला, कारण पाने खुडली तरी झाड जगते. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील पालोडे येथील वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेने ही पाने, अश्वगंधा, पिंपळी आणि शंखपुष्पी मिळून ‘जीवनी’ नावाचे औषध बनविले. १९९५ साली कोइम्बतूरच्या एका आयुर्वेदिक औषध कंपनीला ते बनविण्याचा परवाना सात वर्षांसाठी मिळाला. शुल्क दहा लाख रुपये, शिवाय विक्रीवर दोन टक्के रॉयल्टी.

या रकमेतील निम्मा वाटा काणींना देण्याचे संस्थेने ठरविले. १९९२ च्या जागतिक जैवविविधता कराराने हे तत्त्व कागदावर मांडले होते. ते प्रत्यक्षात आणण्याचे जगातले हे अगदी सुरुवातीचे उदाहरण. पैसे घ्यायला काणींचा विश्वस्त निधी १९९७ मध्ये नोंदला गेला आणि १९९९ मध्ये त्याला सुमारे ५ लाख १९ हजार रुपये मिळाले.

आता पाटी-पेन्सिल घ्या. दोन टक्क्यांचा निम्मा म्हणजे एक टक्का. निधीला एक लाख रुपये मिळायला कंपनीची विक्री एक कोटीची व्हायला हवी! मिळालेल्या रकमेतले पाच लाख तर परवाना शुल्काचाच निम्मा भाग. बाकी उरतात जेमतेम १९ हजार. केरळात काणींची संख्या पंधरा हजारांहून अधिक आहे. सगळी रक्कम वाटली असती, तर माणशी पस्तीस रुपयेही आले नसते. ती मुदत ठेवीत ठेवून व्याज वापरायचे ठरले, हे शहाणपणाचेच झाले.

पण माझ्या मते खरी अडचण टक्क्यांची नव्हती. पाने हवीत तर झाडे हवीत. काही काणी कुटुंबांना लागवड शिकविण्यात आली. परंतु ही जमीन वनखात्याच्या ताब्यातली. पैशाच्या लोभाने रानातली झाडे मुळासकट उपटली जातील, अशी खात्याला भीती वाटली आणि पाने विकण्याला हरकत घेतली गेली. ही भीती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. मग जंगलाबाहेर लागवड का करू नये? तर झुडूप आपल्या मूळ सावलीबाहेर वाढविले, की पानांत औषधी द्रव्य पुरेसे उतरत नाही असे आढळले. म्हणजे ज्ञान काणींचे, जमीन सरकारची, कारखाना कंपनीचा, आणि झाड कोणाचेच ऐकत नाही!

जमातीतही एकमत नव्हते. प्लाथी म्हणजे काणींचे परंपरागत वैद्य. त्यांच्यापैकी काहींनी आक्षेप घेतला, की हे ज्ञान आम्ही जपलेले. दोघा-तिघा वाटाड्यांच्या होकाराने ते सगळ्यांनी दिले असे कसे धरता? या प्रश्नाचे उत्तर टक्केवारीत देता येत नाही.

भारतात जैवविविधता कायदा २००२ साली झाला. तोवर अमेरिकेत एका कंपनीने ‘जीवनी’ हे नाव स्वतःचा ट्रेडमार्क म्हणून नोंदवूनही टाकले होते. पालोडेच्या संस्थेने ते तेथे नोंदविलेच नव्हते.