घरांतील पाण्याचा हिशेब

एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी दुष्काळग्रस्त लातुरास पोंचली. सुमारें ३४० किलोमीटर वाहून आणलेलें तें पाणी अदमासें पांच लाख लिटर होतें. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें लातूर शहराची वस्ती पावणेचार लाखांहून अधिक. म्हणजे समान वांटणी केल्यास माणशीं सव्वा लिटरच्या आसपास पाणी येतें. दांत घांसतांना उघडी ठेविलेली तोटी एवढें पाणी पाव मिनिटांत मोरींत सोडून देते.

काटकसर म्हणजे अस्वच्छता नव्हे. तोंड धुण्यास तांब्या व स्नानास बादली घेतली कीं खर्चास माप येतें. तांदूळ धुतलेलें पाणी तुळशीस आणि कपडे खळबळल्याचें शेवटचें पाणी फरशीस चालतें. कालचें पाणी ‘शिळें’ म्हणून रोज ओतून टाकण्याची चाल मात्र सोडली पाहिजे. स्वच्छ भांड्यांत झांकून ठेविलेलें व ओगराळ्यानें काढलेलें पाणी एका रात्रींत बिघडत नाहीं.

श्रोत्यांनीं गळक्या तोटीखालीं रात्रीं घागर ठेवून पाहावी. सकाळीं तींत जें सांचलेलें दिसेल, तें केवळ एका रात्रीचें नुकसान होय. तोटीचा वायसर बदलण्याचा खर्च त्यापुढें अगदींच क्षुल्लक आहे.